कोल्हापूर ते कन्याकुमारी, बापलेक दोघंच, बजेट २५ हजार. जमंल का?

नऊनंबरी_पोरगा
मंडळी जरा हिशेब बघून सांगा. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, ३१ वर्षं गाडी हाणली पण महाराष्ट्राबाहेर म्हणजे निपाणी, बेळगाव आणि पणजी, बास. आता डोक्यात बसलंय की रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत जायचं म्हणजे कन्याकुमारी. गाडी माझी सेकंडहँड पेट्रोल स्विफ्ट, हायवेला १८ देते. दिवाळीत ९ दिवस सुट्टी काढतोय, जाताना बेंगलोरवरून आणि येताना केरळ, मंगळूर, गोवा असं गोल फिरून यायचं मनात आहे. २५ हजारात पेट्रोल, टोल, लॉज, जेवण सगळं बसलं पाहिजे. बाबांचे नखरे नाहीत, स्टँडजवळ लॉज, खाट आणि गरम पाणी मिळालं की झालं. गाडी कुणी चालवायची यावरून घरात आधीच वाजलंय, ते आमचं आम्ही बघतो.

शाहूपुरी_३री_गल्ली
भावा २५ मध्ये नाही बसत, आधीच सांगतो. कोल्हापूर ते बेंगलोर साधारण ६१०, तिथनं कन्याकुमारी ६८०, म्हणजे एका बाजूनं १३०० धर. किनाऱ्यानं परत आलास तरी तेवढंच, वर गावातली फिराफिरी, २८००-२९०० किलोमीटर कुठं जात नाहीत. १८ नं भागलास की १६० लिटर, १०५ रुपये धरले तर १७ हजार पेट्रोललाच गेले. उरलेल्या ८ हजारात ९ दिवस दोघं जेवणार, झोपणार आणि टोल भरणार काय?
आता टोलचं ऐक. फास्टॅगचा वार्षिक पास काढ, २०२५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला तेव्हा ३ हजाराचा होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. नॅशनल हायवेला सगळीकडं चालतो, कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी करत करत खाली कन्याकुमारीपर्यंत नाकेच नाके आहेत. उरलेल्या फेऱ्या पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूरला संपवायच्या. फक्त बेंगलोरात नाइस रोडनं, म्हणजे शहराला वळसा घालणाऱ्या खासगी रस्त्यानं, गेलास तर तिथं हा पास चालत नाही, तो वेगळा टोल.
पेट्रोल इथनं फुल करू नको, आपली निम्मी जनता कर्नाटकात गेल्यावर भरते ते उगच नाही.

रंकाळ्याचा_वारा
बुलेटवर जावा की, दुचाकीला टोलच नाही 😀

नऊनंबरी_पोरगा
बाबा ६० चे आहेत हो. आणि मागं बसणार नाहीत, पुढं बसू द्या म्हणतील, मग मी मागं बसून कन्याकुमारी बघायची.

मंगळवारपेठ_काका
शाहूपुरीकरांचा हिशेब बरोबर आहे पण एक मुद्दा राहिला. केरळातनं आलं काय आणि आल्या वाटेनं आलं काय, किलोमीटर जवळपास सारखेच. फरक पडतो तो दिवसांत. केरळात गावाला गाव चिकटलेलं आहे, हायवेवर असून गल्लीतनं चालल्यासारखं वाटतं, त्यात सहा पदरी रस्त्याचं काम. मी पहाटे तिरुवनंतपुरम सोडलं आणि कोची गाठेपर्यंत दुपार कलली, अंतर फक्त २०० किलोमीटर. पेट्रोलही तिथं महाग. दिवस एक वाढला की एक रात्र वाढते, लॉज हजार-बाराशे आणि दोघांचं खाणं सहाशे-सातशे. खर्च रात्री मोजून धरायचा, किलोमीटर मोजून नाही. आल्या वाटेनं आलात तर दोन रात्री तरी वाचतील.
दुसरं, दिवाळीत जाऊ नका. आपल्याकडचा पाऊस संपला की तमिळनाडूत सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्र खवळला की विवेकानंद स्मारकाची बोट बंद, एवढ्या लांब जाऊन काठावरनं हात हलवून यायचं. पुढं नोव्हेंबर मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलेची गर्दी, माळ घातलेले भाविक कन्याकुमारीलाही येतात, लॉजवाले मग म्हणतील तो भाव. फेब्रुवारी बघा.
पहिल्या दिवशी उड्या मारत बेंगलोर गाठायला जाऊ नका. दावणगेरेला लोणी डोसा खा, चित्रदुर्गला मुक्काम करा, ४०० च्या आसपास होतात. पहाटे चारला निघून बेंगलोर सातच्या आत पार करा. नऊला तिथं अडकलात तर तुमच्या वडिलांनी ३१ वर्षांत दिल्या नसतील तेवढ्या शिव्या एका सकाळी देतील.

कागलची_सून
काकांना अनुमोदन. आम्ही दोघं गेलेलो फेब्रुवारीतच, सासूबाईंनी भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिलेली, मी वैतागले होते की कशाला एवढं ओझं, पण तिसऱ्या दिवशी भात सांबार भात रसम झाल्यावर नवरा आणि मी त्या भाकरीवरनं भांडलो. सकाळी इडली-पोंगल, दुपारी केळीच्या पानावरचं मील्स, रात्री घरचं, असं केलं तर जेवणाचे पैसे खरंच कमी लागतात.
मदुराईला मीनाक्षी मंदिर दुपारी बंद असतं, चारच्या पुढं उघडतं, आणि मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळं चुकामूक झाली तर कुठल्या गोपुराखाली भेटायचं ते आधी ठरवा. आम्ही पाऊण तास एकमेकांना शोधत होतो, चारही गोपुरं सारखीच वाटतात.
कन्याकुमारीत विवेकानंद केंद्राच्या आवारात राहायची सोय आहे, विवेकानंदपुरम म्हणतात, स्वच्छ आणि परवडणारं, पण आधी बुक करा. ते स्मारक १९७० साली उभं राहिलं त्यामागं एकनाथ रानडे, आपला मराठी माणूस, हे बाबांना सांगा, आवडेल. शेजारी तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा, दोन्हींच्या मधला काचेचा पूल २०२४ च्या डिसेंबरअखेर उघडला.
आणि वाचलेल्या दोन रात्री घरी बसून काय करणार, येताना तंजावर आणि जिंजी करा की. तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३ चा. चार दिवस तमिळ पाट्या बघून डोळे थकलेले, आणि एकदम ओळखीची भाषा, मी हात लावून बघितला. जिंजी तर आपलीच. राजाराम महाराज तिथनं राज्य चालवत होते, आणि कावळा नाक्याला जिचा पुतळा आहे ती ताराराणी पण तिथं राहिलेली. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत पन्हाळ्याबरोबर जिंजीचं पण नाव लागलंय.

शाहूपुरी_३री_गल्ली
वहिनी, त्याचं बजेट वाढवताय तुम्ही. तंजावर-जिंजी धरलं तर येताना दीडेक हजार किलोमीटर होतात. ३५ हजार तरी धर बाबा.
बाकी वडील ड्रायव्हर होते म्हणतोस तर एक सांगतो, सेलमच्या पुढं नामक्कल आणि करूर लागतं. नामक्कलला ट्रकच्या आणि करूरला बसच्या बॉड्या बांधतात, रस्त्याकडंला नुसते सांगाडे उभे असतात. मंदिरापेक्षा तिथं जास्त रमतील बघ.

नऊनंबरी_पोरगा
सगळ्यांचे आभार. बजेट ३५ केलं, १० बाबा घालतायत पेन्शनमधनं, मी नको म्हटलं तर म्हणाले मग तुझ्या गाडीचं तिकीट समज. दिवाळी रद्द, फेब्रुवारी फायनल, केरळ कटाप. काकांचा बेंगलोरचा किस्सा वाचून दाखवला तर म्हणाले, "पहाटेची ड्यूटी मी करणार, तू झोप."
संध्याकाळी जिंजी, तंजावर सगळं वाचून दाखवलं, हूं हूं केलं. करूरचं वाचल्यावर चष्मा काढला आणि विचारलं, "आत सोडतात का रं बघायला?" आता तिथं अर्धा दिवस थांबायचं ठरलंय. कुणाला माहीत असेल तर सांगा, सोडतात का?