उन्हाळ्यात शहरातल्या बागेत डबा नेताना बाजारातून काय घेता?

परीक्षा संपल्या की लेकरं "बागेत चला" म्हणून मागं लागतात, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असतो. त्यामुळे जायचं ते सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. तरीही डबा भरल्यापासून खाईपर्यंत दोन-तीन तास जातातच. तेवढ्या वेळात काय टिकतं आणि काय आंबतं हे ज्यांनी घरचे डबे भरलेत त्यांनाच ठाऊक. आपल्या मंडईतल्या जिनसा घेऊन बागेत जाणाऱ्यांनी इथं मोकळेपणानं लिहावं. बाजारातून काय घेतलं, बांधलं कसं, कुणाला आवडलं, सगळं.

आमचं सांगते. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. सिद्धार्थ उद्यान बसस्थानकाजवळ आहे, म्हणून गावाकडून येणारी आत्या नातवंडांना घेऊन थेट तिथंच येते. आदल्या संध्याकाळी औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईतून काकडी, कैरी, पुदिना, लिंबं आणते आणि गुलमंडीवरून इमरती. उडदाच्या डाळीची, पाकात मुरलेली असल्यानं ती उन्हाला दाद देत नाही. कैरी उकडून गर काढायचा, गूळ, वेलची, मीठ घालून घट्टच बरणीत भरायचा. बागेत गेल्यावर गार पाणी ओतलं की पन्हं तयार. तयार पन्ह्याची बाटली वागवण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

*

लातूरहून लिहितेय. आमच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे एका फेरीत तीळ, ओवा, शेंगदाणे, डबे, फडकी सगळं मिळतं. बागेत न्यायला माझ्या मते धपाट्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक. लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घालायचं, वर तीळ, ओवा, हळद, मीठ, भरपूर कोथिंबीर. घरी खायचे असतील तेव्हा कांदा किंवा काकडीचा कीस घालते. बागेसाठी अजिबात नाही, कारण त्याला पाणी सुटतं आणि धपाटं लवकर आंबतं. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधे बोटानं भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं अलगद सोडवायचं. भोकांतून तेल सोडलं की कडा कुरकुरीत होतात. आता खरी गोष्ट: गरम धपाटी डब्यात भरायची नाहीत. सुती कापडावर एकेक सुटं पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. झाकणाच्या आतून वाफेचं पाणी ठिबकलं की खालची चारही लगदा होतात.

सोबत शेंगदाण्याची चटणी, कुटलेलीच. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि लसूण त्यात मुरतो. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो.

*

जालना. आमच्याकडची मृग बहराची मोसंबी मार्च-एप्रिलमध्येही बाजारात असते. घरी रस काढून नेऊ नका, ठेवला की कडू पडतो. अख्खी न्या, तिथं सोला. एवढंच.

*

आमच्या नांदेडला आम्ही संध्याकाळीच निघतोत. लेकरं, त्यांची आज्जी, शेजारच्या काकू, सगळी गँग. शिजवलेलं काहीच नेत नाही. मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याच्या डाळ्या, कांदा, कैरी, कोथिंबीर, एका छोट्या बाटलीत कच्चं तेल, पुडीत तिखट-मीठ. तिथं मोठ्या परातीत कालवायचं अन् लगेच खायचं. कैरी चिरायचं काम लेकरांकडे असतंय, म्हणून चिवडा संपेस्तोवर त्यातलं एकही जागचं हलत नाही. लै मजा येतीय.

*

बीडकरांकडून एक कळकळीची विनंती. टरबूज-खरबूज अख्खंच न्या आणि खायच्या वेळी कापा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कापलेलं फळ किंवा शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये असं सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सातलासुद्धा पारा त्याच्या वरच असतो. गाड्यावरच्या कापून ठेवलेल्या फोडी खाऊन आमच्या पुतणीला सलाईन लावावं लागलं होतं. तेव्हापासून चाकू, पाट आणि हात धुवायला वेगळं पाणी पिशवीत असतंच. दहीभातही नको. त्यापेक्षा धपाटी हजारपट बरी, लातूरच्या ताईंशी पूर्ण सहमत.

*

परभणी. आमच्यासोबत अण्णा असतात, वय झालंय, धपाटं त्यांना चावत नाही. त्यांच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आणि थर्मासमध्ये गार ताक. राजगोपालाचारी उद्यानात सावलीचा बाक धरायचा, वाटीत पीठ, ताक, मीठ, जिरेपूड कालवून द्यायची. पोट शांत राहतं आणि उन्हाचा त्रास होत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

पाण्याचंही लिहिते. बर्फाच्या मागं लागू नका. मातीच्या सुरईला ओलं फडकं गुंडाळून सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि आतलं गार होतं. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही, आपल्याकडे मात्र उत्तम. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं.

*

धाराशिवहून. गोडात कुंथलगिरीचा पेढा न्या. खवा चांगला भाजलेला असतो, म्हणून इतर खव्याच्या मिठाईपेक्षा दम धरतो. तरी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी घ्या. थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्यानं हिरवळीवर उडत फिरताना बघून फार वाईट वाटतं. बाग आपलीच आहे.

*

हिंगोली. केशर आंबे आले की आम्ही दुसरं काही नेतच नाही, दशम्या आणि आंबे. पण माझ्या दशम्या दुसऱ्या वेळेपर्यंत वातड होतात. लातूरच्या ताई, काही सांगाल का?

*

लातूरहून पुन्हा. पाण्याचा थेंबही न घालता नुसत्या दुधात कणीक भिजवा, ज्वारीचं पीठ घालणार असाल तर निम्म्यापेक्षा कमी. गोड हव्या असतील तर त्याच दुधात गूळ विरघळवा, पण दूध गार झाल्यावर, गरम दुधात गूळ घातला की ते फाटतं. मोहनाला चमचाभर तूप. मध्यम आचेवर भाजा, मंद आचेवर ठेवल्या की वाळतात आणि वातड होतात. भाजल्या भाजल्या तुपाचा हात फिरवून कापडात एकावर एक रचा.