शब्दचर्चा : भूक, वासना, आधार आणि भुकेची संप्रेरके

प्रश्न

भुकेचे नियंत्रण शरीरात कसे होते, यावर महाविद्यालयीन वाचकांसाठी मराठीत एक लेख लिहीत आहे. इंग्रजीत 'हंगर' हा शब्द शरीराच्या गरजेसाठी आणि 'ॲपेटाइट' हा खाण्याच्या इच्छेसाठी वापरतात. मराठीत मात्र दोन्हींना 'भूक'च म्हटले जाते. दुसऱ्या अर्थासाठी 'क्षुधा' घ्यावा, 'बुभुक्षा' घ्यावा, की 'अन्नेच्छा' असा जोडशब्द वापरावा? शिवाय घ्रेलिनला 'भुकेचे संप्रेरक' (हॉर्मोन) आणि लेप्टिनला 'तृप्तीचे संप्रेरक' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती योग्य आहे का? भांगेतील घटकासारखे काम करणाऱ्या, पण शरीरातच तयार होणाऱ्या 'एंडोकॅनॅबिनॉइड' रेणूंसाठी कोणता शब्द वापरावा, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

व्युत्पत्ती पाहिली तर गंमत अशी आहे की 'भूक' हाच मुळात इच्छेचा शब्द आहे. संस्कृतातील 'बुभुक्षा' हे 'भुज्' धातूचे इच्छार्थक रूप असून त्याचा अर्थ 'खाण्याची इच्छा' असा होतो आणि प्राकृतातून झिजत झिजत तेच रूप मराठीत 'भूक' म्हणून उतरले. परंतु 'भूकबळी' या शब्दातील भूक ही इच्छा नव्हे, उपासमार आहे. त्यामुळे व्युत्पत्तीच्या बळावर 'भूक म्हणजे केवळ इच्छा' असे आज ठरवता येणार नाही. 'क्षुधा' आणि 'बुभुक्षा' यांच्यात कृत्रिम वाटणी करून एकाला गरज आणि दुसऱ्याला इच्छा असा अर्थ चिकटवणे मला पटत नाही, कारण वाचकाला दोन्ही शब्द 'भूक'चीच भारदस्त रूपे वाटतात. 'अन्नेच्छा' समजतो, पण तो कोणी बोलत नाही.

माझ्या मते मराठीने हा भेद नामांत न ठेवता क्रियापदांत आणि वाक्प्रचारांत ठेवला आहे. भूक 'लागते', तेव्हा ती शरीराची मागणी असते. ती 'चाळवते', तेव्हा समोरच्या पदार्थाचा वास किंवा नुसता उल्लेख पुरेसा होतो. आणि गरज नसताना 'खा खा सुटते', तिला तर भूक म्हणायलाही आपण तयार नसतो. आजारी माणसाची 'अन्नावरची वासना उडते', असे घरातली मोठी माणसे म्हणतात, तेव्हा 'ॲपेटाइट'चा नेमका अर्थ त्यात आलेला असतो, कारण शरीराला अन्नाची गरज असूनही इच्छा नाही, हेच तिथे सांगायचे असते. सुटा 'वासना' शब्द शीर्षकात घातल्यास वाचकाचे मन भलतीकडे जाईल, म्हणून तो 'अन्नावरची' या विशेषणासहच वापरावा.

तृप्तीच्या बाजूलाही असाच भेद आहे. जेवण थांबवायला लावणारी जाणीव म्हणजे 'पोट भरणे' आणि पुढचे काही तास भूक लागू न देणारी स्थिती म्हणजे 'पोटाला आधार असणे'. पोहे खाऊन पोट भरते, पण भाकरीचा आधार जास्त वेळ राहतो, असे आपण सहज बोलतो. आहारशास्त्रात याच दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र संज्ञा आहेत आणि मराठी अनुवादांत दोन्हींना 'तृप्ती' म्हणून हा भेद पुसून टाकला जातो.

आता संप्रेरकांकडे वळतो. कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातून जेवणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक 'पोट भरल्याच्या' जाणिवेशी निगडित आहे आणि १९७३ साली उंदरांवरील प्रयोगांत त्याने जेवणाचे प्रमाण कमी होते असे दिसले. त्याला तृप्तीचे संप्रेरक म्हटले तर माझी हरकत नाही. लेप्टिनला मात्र तसे म्हणणे चूक आहे. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्याचे जनुक शोधले आणि 'कृश' या अर्थाच्या ग्रीक 'लेप्टोस' शब्दावरून त्याचे नाव पडले. ते चरबीच्या पेशींतून स्रवते आणि एखाद्या जेवणामुळे त्याची पातळी लगेच वाढत नाही. शरीरात चरबीचा साठा किती आहे, याची खबर ते मेंदूतील हायपोथॅलॅमसला देत राहते. साठा घटला की लेप्टिन घटते आणि मेंदू भूक वाढवतो. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ साली जन्मतःच लेप्टिन नसलेल्या, एकाच कुटुंबातील दोन मुलांची नोंद केली; त्यांची भूक शमतच नसे आणि पुढे लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर ती आटोक्यात आली. परंतु सर्वसाधारण स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते आणि मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. 'तृप्तीचे संप्रेरक' असे एकदा छापून झाल्यावर ही गोष्ट वाचकाला कशी समजावणार? 'चरबीच्या साठ्याची वर्दी देणारे संप्रेरक' हे लांबलचक वाटले तरी खरे आहे.

घ्रेलिनचे नाव तर भुकेवरून पडलेलेच नाही. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते १९९९ साली जपानमध्ये शोधले, तेव्हा ते वाढीचे संप्रेरक स्रवायला लावते, हे प्रथम लक्षात आले आणि 'वाढणे' या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूवरून नाव ठरले. भुकेशी असलेला संबंध नंतर उलगडला. ते मुख्यतः जठरात तयार होते, जेवणापूर्वी वाढते आणि जेवणानंतर उतरते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त 'एंडोकॅनॅबिनॉइड'बद्दल थोडी भर घालतो. 'एंडो'साठी 'अंतर्जात' हा शब्द पुरेसा आहे आणि 'कॅनॅबिनॉइड' तसाच ठेवावा. 'शरीरातली भांग' असे मथळे छापले जातात, ते टाळावेत, कारण शरीर भांग तयार करत नाही. भांगेतील घटक ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसतो, त्याच ग्राहींवर बसणारी स्निग्ध रेणूंची स्वतःची सामग्री शरीराजवळ आहे, एवढेच. राफाएल मेशूलम यांच्या जेरुसलेममधील प्रयोगशाळेत १९९२ साली डुकराच्या मेंदूतून असा पहिला रेणू वेगळा केला गेला आणि संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याला नाव दिले गेले. तेव्हा मराठीत तरी 'अनॅन्डामाइड' असे इंग्रजी वळणाने न लिहिता 'आनंदमाइड' असे लिहावे, ही विनंती.

दुसरा मुद्दा असा की या रेणूंना 'संप्रेरक' म्हणू नये. संप्रेरक ग्रंथीतून किंवा पेशीतून रक्तात उतरते आणि दूर जाऊन काम करते. आनंदमाइड आणि त्याचा जोडीदार २-एजी हे साठवून ठेवले जात नाहीत. गरज पडेल तेव्हा पेशीच्या पटलातील मेदापासून तिथल्या तिथे तयार होतात. त्यांचा प्रवासही उलटा असतो. सहसा संदेश पहिल्या चेतापेशीकडून दुसरीकडे जातो, पण इथे संदेश घेणारी पेशी हे रेणू सोडते आणि ते मागे जाऊन संदेश धाडणाऱ्या पेशीच्या सीबी-१ ग्राहींवर बसतात, ज्यामुळे तिचा स्राव काही काळ मंदावतो. काम होताच विकरे (एन्झाइम) त्यांचे विघटन करतात. म्हणून 'स्थानिक संदेशक' हा शब्द अधिक योग्य वाटतो.

भांगेने भूक वाढते, ही माहिती आपल्याकडे जुनीच आहे. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदातील ग्रंथात भांगेला 'वह्निवर्धिनी', म्हणजे जठराग्नी वाढवणारी, असे विशेषण आहे.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

आभारी आहे. मग घ्रेलिन आणि लेप्टिन 'लागणाऱ्या' भुकेसाठी आणि अंतर्जात कॅनॅबिनॉइड 'चाळवणाऱ्या' भुकेसाठी, अशी वाटणी करून लेखाची मांडणी केली तर चालेल का?

प्रतिसाद

अशी वाटणी मोहक असली तरी शरीर ती पाळत नाही. २००१ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लेप्टिन दिल्यावर हायपोथॅलॅमसमधील अंतर्जात कॅनॅबिनॉइड घटले आणि ज्या उंदरांत लेप्टिनचे काम बिघडलेले होते, त्यांच्यात ते वाढलेले आढळले. इटलीतील २०१२ सालच्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात, पोट भरलेल्या निरोगी व्यक्तींनी केवळ आवडीखातर पदार्थ खाल्ला, तेव्हा रक्तातील २-एजी वाढले आणि त्याबरोबर घ्रेलिनही वाढले. म्हणजे पंगतीत पोट भरल्यावर आग्रहाची जिलेबी पानात पडते, तेव्हा 'लागणाऱ्या' भुकेचे म्हणून जे संप्रेरक आपण बाजूला काढले होते, तेही तिथे हजर असू शकते. म्हणून वाक्प्रचार अनुभवाच्या वर्णनासाठी वापरावेत आणि रेणूंच्या वर्गीकरणासाठी वापरू नयेत.

औषधांविषयी लिहिताना याच कारणाने जपावे. सीबी-१ ग्राही अडवणाऱ्या रिमोनाबॅंटला २००६ साली युरोपात स्थूलतेसाठी मान्यता मिळाली. वजन उतरत होते, परंतु काही रुग्णांना नैराश्य आणि चिंता जडल्याने २००८ साली त्याची विक्री थांबवावी लागली. त्याला नुसते 'भूक मारणारे औषध' म्हटले, तर मारले जाते ते भुकेपुरतेच नाही, ही बाब झाकली जाते. वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांचे काम वेगळे आहे. ती जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करतात. ती घेणारे 'फूड नॉइझ' कमी झाल्याचे सांगतात, त्याचा अनुवाद 'अन्नाचा गोंगाट' असा करू नये. 'सारखे खाण्याचेच विचार डोक्यात घोळत असत, ते थांबले,' असे लिहिल्यास कोणालाही टीप द्यावी लागणार नाही.