आण्णांच्या ट्रंकेतला फोटो : 'एफ २२' म्हणजे कोणती बोट?

वसनाकाठ
नमस्कार. आमचे आण्णा माझगाव डॉकमधून १९९६ ला रिटायर होऊन गावी आले (ता. कोरेगाव). गेल्या पावसाळ्यात ते गेले. परवा कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत एक फोटो आहे. सहा जण उभे, मागं बोटीचा उंच करडा पत्रा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'एफ २२'. आण्णा कडेला, खांद्यावर चामड्याचं जाकीट टाकलेलं.

सोबत तीन वस्तू होत्या. बोटभर लांबीचा पोलादी ठसा, टोकाला उलटे आकडे, गंजल्यामुळं नीट वाचता येत नाहीत. पांढऱ्या मऊ दगडाची चपटी पट्टी. आणि एक काळी आयताकृती काच. काच मला आठवते. १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा आण्णा सुट्टीवर होते आणि सगळ्या आळीतली पोरं तिच्यातूनच बघत होती.

कामाचं आण्णा कधी बोलले नाहीत. विचारलं की "लोखंडाला लोखंड जोडायचं" एवढंच. आईलाही यापुढं काही ठाऊक नाही. बोट कोणती आणि ते नेमकं काय करत असतील, कुणी सांगेल का?

माहुलीकर
आयएनएस गंगा, नौदलाची युद्धनौका. गोदावरी एफ २०, गोमती एफ २१, गंगा एफ २२. तिन्ही माझगावलाच बांधल्या.

मोरणाखोरे
मी पाटण तालुक्यातला. १९७८ ते २००९ त्याच डॉकात वेल्डर होतो. हजारो माणसं होतो आम्ही, त्यामुळं आण्णांशी ओळख होती असं म्हणता येणार नाही. पण ट्रंकेतल्या वस्तू वाचल्या आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तुमचे आण्णा वेल्डर होते. पांढरी पट्टी म्हणजे पत्र्यावर खुणा करायचा दगडी खडू, तापलेल्या पत्र्यावरही त्याची रेघ टिकते. आणि ठसा म्हणजे त्यांची सही. प्रत्येक वेल्डरला परीक्षा देऊन नंबर मिळायचा. जोड पुरा झाला की शेजारी तो नंबर, कुठं ठशानं, कुठं रंगानं. पुढं एक्स-रेत दोष निघाला तर कुणाचा हात ते लगेच कळायचं. माझ्या एका जोडात पहिल्याच वर्षी बारीक भोकं निघाली. चूक माझीच, वेल्डिंगचा रॉड ओव्हनमधून काढून बराच वेळ बाहेर ठेवला होता. मुंबईच्या पावसाळ्यात रॉडवरचं आवरण दमट हवा ओढून घेतं, त्या ओलीनं जोड आतून पोकळ होतो, कधी दुसऱ्या दिवशी तडकतोही. वीतभर जोड खरवडून काढला आणि पुन्हा भरला. त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत एकावेळी चारापेक्षा जास्त रॉड बाहेर काढले नाहीत.

बोटीच्या तळाला दोन थर असतात, त्यांच्यामध्ये पोटावर सरपटण्याएवढीच जागा. मॅनहोलमधून आत शिरायचं, मागून केबल आणि धूर ओढायच्या ब्लोअरचा पाइप. तोंडाशी हेल्पर बसलेला. तो दर थोड्या वेळानं पत्र्यावर दोनदा ठोकायचा, आपण आतून दोनदा ठोकायचं. आमच्यात ठोका म्हणजे 'मी ठीक आहे'. आतून उत्तर आलं नाही की हेल्पर आधी पाय धरून ओढणार, विचारणार नंतर. घरी याचं काय सांगणार? माझ्या बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. आण्णा गप्प राहिले ते मला समजतं.

आता गंगा. नीलगिरी, हिमगिरी ही सहा 'गिरी' जहाजं लिअँडर या विलायती युद्धनौकेच्या आराखड्यावर बांधलेली. नीलगिरी १९६८ ला इंदिराबाईंच्या हस्ते पाण्यात उतरली, ते जुने मिस्त्री सांगायचे. गोदावरीचा आराखडा मात्र आपल्या नौदलाचा. लिअँडरपेक्षा तेरा मीटर लांब, यंत्र तेच वाफेचं, आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरांची सोय. गंगा त्याच जातीची दुसरी. तिचं जलावतरण २१ ऑक्टोबर १९८१ ला झालं, मी तिथं होतो. भरतीची वेळ धरलेली. आदल्या दिवसापासून खाली लाकडी पाचरा ठोकायचं काम. शिट्टी वाजली की दोन्ही अंगाला ओळीनं उभी माणसं एकदम घण घालणार. त्यानं बोटीचं वजन ठोकळ्यांवरून उचलून ग्रीस लावलेल्या सरकत्या लाकडांवर येतं. घसरताना ती आधी हललीय की नाही कळतच नाही, मागच्या डोंगराकडं नजर ठेवून चालत्या एसटीतून बघावं तसं. मग लाकडांतून धूर निघतो आणि एवढा थोरला सांगाडा पाठमोरा पाण्यात जातो. ढोल-ताशा कशाला म्हणतात, त्या वेळचा माणसांचा आवाज ऐकायला हवा होता.

बोटीवरचा 'एफ २२' सारखा नंबर सहसा जलावतरणानंतर, उरलेल्या कामात रंगवतात. गंगा १९८५ च्या शेवटी नौदलात गेली. तेव्हा फोटो बहुतेक त्या दोन तारखांमधला. २०१८ ला तिला निवृत्त केलं, सूर्यास्ताला झेंडा उतरवला. मी तेव्हा गावी भात भरडून आणत होतो.

एक काळजीचं : ती काळी काच वेल्डिंगच्या मुखवट्यातली, तिच्यातून आता पोरांना ग्रहण बघू देऊ नका. काठावर नंबर कोरलेला असतो. आमच्या कामाला १० किंवा ११ लागायचा, सूर्याला १४ च पाहिजे.

वसनाकाठ
काका, काच ११ नंबरची निघाली. कपाटात कुलपात ठेवली.

ठसा रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं घासला. आईनं परातीतल्या कणकेवर दाबला, तर आकडे सरळ उमटले, ४१७. तिनं दुसरा गोळा घेतला आणि परत दाबला. मग तिसरा. त्या दिवशी भाकरीच केली, कणीक तशीच झाकून ठेवली. "ह्या आकड्याचं पत्र यायचं," म्हणाली. आण्णांच्या पत्राखाली नावाच्या आधी ४१७ असायचं, तिला वाटायचं खोलीचा नंबर आहे.

मोरणाखोरे
पत्रं असली तर सांभाळा. शनिवारी मी साताऱ्यात बँकेच्या कामाला येतोय. अकराला स्टँडवर फोटो घेऊन या, वहिनींनाही आणा. उरलेल्या पाचांत कुणी ओळखीचं निघतंय का बघतो.