दोन जिल्ह्यांतील तपासाची जोडी आणि एक सीरियल किलर : कथानक पटण्यासाठी काय हवे?

गोदाकाठ यांचा प्रश्न

बीड आणि परभणी या जिल्ह्यांच्या सीमेवर, म्हणजे परळी व गंगाखेड तालुक्यांत घडणारी एक रहस्यकादंबरी मी लिहीत आहे. खुनी एकच आहे. मात्र त्याने मारलेल्या स्त्रियांची प्रेते कधी या तर कधी त्या जिल्ह्यातील पडीक विहिरींत सापडतात. तपासासाठी बीडच्या स्थानिक गुन्हे शाखेतील एक महिला सहायक निरीक्षक आणि गंगाखेडचे एक मुरलेले हवालदार अशी जोडी योजली आहे. इतके मृत्यू होऊनही कोणाला संशय कसा येत नाही आणि वरिष्ठांच्या आदेशाशिवाय ही दोघे एकत्र कशी येतात, येथे लेखन अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांजराकाठी यांचे उत्तर

विहिरीत प्रेत सापडले की प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद होऊन पंचनामा होतो, आणि प्रेत कुजलेले असल्यास डॉक्टर पुष्कळदा व्हिसेराचा (तपासणीसाठी राखलेल्या अंतर्गत अवयवांचा) अहवाल येईपर्यंत मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवतात. त्यातच बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर पोलीस परिक्षेत्रात आणि परभणी नांदेड परिक्षेत्रात येतो, त्यामुळे दोन्हीकडची कागदपत्रे एका टेबलावर येतच नाहीत.

जोडी जमवण्यासाठी आदेशाची गरज नाही. अनोळखी प्रेताची ओळख पटवण्यासाठी हवालदार छायाचित्र घेऊन शेजारच्या ठाण्यांत जातातच. तुमचे हवालदार परळीला यावेत आणि तेथे दोन्ही शवविच्छेदन अहवाल शेजारी ठेवले जावेत. गळफासाचा व्रण सहसा तिरका आणि मानेच्या वरच्या भागात असतो. दोरीने गळा आवळल्याचा व्रण आडवा व खालच्या बाजूस असतो. एक अहवाल अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातला, दुसरा गंगाखेडच्या रुग्णालयातला, आणि बुडून मेल्या समजल्या गेलेल्या दोन्ही स्त्रियांच्या मानेवर तोच पुसट, आडवा व्रण. हा प्रसंग घाई न करता लिहावा.

केजची वाचक यांचे उत्तर

मरणाऱ्या स्त्रिया कोण आहेत, हे आपण सांगितले नाही, आणि माझ्या मते कादंबरी तेथेच उभी राहील किंवा पडेल. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो. एकटी विधवा किंवा टाकलेली स्त्री अर्धा कोयता म्हणून जाते. अशी स्त्री हंगामाच्या मध्येच नाहीशी झाली तर टोळी नेणाऱ्या मुकादमाला वाटते की ती उचल, म्हणजे मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, बुडवून पळाली, गावाकडच्यांना वाटते की ती फडावरच आहे, आणि त्यामुळे बेपत्ता झाल्याची तक्रार कोणीही देत नाही. खुनी याच गैरसमजाच्या आधाराने जगतो. तपासाचा पहिला खरा धागा मुकादमाच्या वहीत मिळावा, कारण उचल कोणी घेतली आणि कोणत्या आठवड्यापासून ती स्त्री कामावर दिसली नाही, हे तेथेच लिहिलेले असते. या स्त्रियांना केवळ प्रेते म्हणून आणू नका, ही कळकळीची विनंती. प्रत्येकीला नाव, गाव आणि मागे राहिलेले लेकरू द्या.

दस्तऐवज यांचे उत्तर

परभणी जिल्हा म्हटले की वाचकाला 1972 ते 1974 या काळातील मानवतचे, गुप्तधन आणि नरबळीशी जोडलेले हत्याकांड आठवणारच. त्या तपासासाठी मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना यावे लागले होते. आपल्या कथेत गुप्तधन आणि नरबळी पुन्हा आणू नयेत आणि मुंबईचा अधिकारीही आणू नये. स्थानिक जोडीनेच छडा लावावा.

शेवट मात्र कबुलीजबाबावर नेऊ नका. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 25 मध्ये असलेली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग सिद्ध करता येतो. म्हणून त्याने पंचांसमोर दोरी काढून दाखवावी, आणि ती जागा परभणीच्या हद्दीत निघावी. गुन्हा कोणत्या ठाण्याकडे राहणार, या प्रश्नावर जोडीत खरा तणाव तेव्हाच निर्माण होईल.