मदत हवी आहे : बाबांना फेसबुकच्या कमेंट्समधून बाहेर कसं काढू?

नमस्कार मंडळी. आम्ही धायरीला राहतो. धाकटी बहीण २४ वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. जन्माच्या दाखल्यावर मुलगा आहे, पण ती मुलगी आहे, ट्रान्स आहे, हे दोन वर्षांपूर्वी तिने घरी सांगितलं. (जुनं नाव माझ्याही तोंडून अजून निसटतं, मग ती दिवसभर फुगते.) समुपदेशन झालं, आता हार्मोन्स सुरू करायचे आहेत. कुरकुरत का होईना, बाबा तयार झाले होते.

मग एका पेजवर लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेची बातमी आली आणि त्याखालच्या कमेंट्स बाबांच्या हाती लागल्या. आता रोज सकाळी चहा गार होईपर्यंत मोठ्याने वाचन चालतं. 'आमच्या टॅक्सवर थेरं', 'दोन ठेवून द्या, उतरेल', 'वेड्यांच्या डॉक्टरला दाखवा'. समुपदेशकाचं पत्र मात्र खणात पडलंय, घडीसुद्धा मोडलेली नाही.

टॅक्सचं म्हणाल तर खर्च ती पगारातून करतेय. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक आजारांत धरत नाहीत, २०२२ पासून ती यादी लागू आहे, हेही सांगितलं. आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क मान्य करणारा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला तर म्हणे, "कोर्टाला काय जातंय, पोर माझं आहे."

गोची अशी की सगळंच खोटं नसतं. कोणीतरी लिहिलं, रक्ताच्या गाठी होतात. इस्ट्रोजेनने (तिला घ्यायचं ते स्त्री-हार्मोन) तो धोका वाढतो, हे डॉक्टरांनीच आधी सांगितलंय. म्हणून तर सिगारेट बंद, सुरुवातीला रक्ततपासणी आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पुन्हा. पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू साठवून ठेवायचे का, हेही विचारलं. कमेंटवाला गाठीपाशी थांबतो, आणि बाबाही.

तर, डॉक्टरने मराठीत शांतपणे समजावलेला एखादा व्हिडिओ आहे का? आणि आईवडिलांशी नीट बोलणारे पुण्यातले हार्मोन्सचे डॉक्टर? नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. 'फेसबुक बंद करा' सांगू नका, त्यांचा शाळेचा ग्रुप तिथेच आहे.

प्रतिसाद १ : माझ्या भाच्याच्या वेळी मेहुण्यांच्या हातात वही दिली होती. जी कमेंट टोचेल ती प्रश्न म्हणून लिहायची आणि डॉक्टरांसमोर तेच वाचणार. आपण मध्ये बोलायचं नाही. आमच्याकडे दोन फेऱ्या लागल्या.

धागाकर्ती : धन्यवाद ताई. काल वही दिली. पहिला प्रश्न, 'सिगारेट कधीपासून ओढतेस?' हे त्यांना माहीतच नव्हतं, त्यामुळे रात्री वेगळंच भांडण झालं. बाकी सहा प्रश्न डॉक्टरांसाठी आहेत. नाव अजून हवंय.