मदत हवी आहे: होडीचं शीड कुठं शिवून मिळेल?

मंडळी, बेळगावच्या वडगावात घरामागं मरीन प्लायची १८ फुटी शिडाची होडी बांधतोय. (बेळगावात समुद्र कुठं हाय, हे विचारून झालंय सगळ्यांचं!) तळ सपाट, मधली फळी (तळातून पाण्यात उतरणारी) वर ओढली की फूटभर पाण्यातही तरंगावी, कारण मालवण ते कारवार खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते, तिथं खोल कण्याची होडी अडकते.

घोडं अडलंय शिडापाशी. ताडपत्री तिरकी ताणली की सैल पडते, शिडाचं पोट बिघडतं, मग होडी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तिरकी चढत नाही. म्हणून डॅक्रॉनच (शिडासाठीचं, कमी ताणलं जाणारं पॉलिएस्टर कापड) हवं. गोव्यात किंवा मुंबईत ते सुटं मिळतं का? पॉलिएस्टर दोऱ्यानं झिगझॅग शिवणारा कुणी कारागीर माहीत आहे? आणि आखूड डोलकाठीवर लग शीड (तिरक्या आडकाठीला टांगलेलं चौकोनी) बरं की त्रिकोणी? स्वतः वापरलेल्यांनी सांगा.