चार आठवड्यांच्या परदेशी क्लिनिकल एक्सचेंजमध्ये नेमकं काय शिकायला मिळतं?

तिसरं_वर्ष
क्लिनिकल एक्सचेंजचा अर्ज भरायचा आहे, कालावधी ४ आठवडे. विभाग निवडताना सर्जरी लिहावं असं वाटतंय, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भरपूर बघायला मिळेल म्हणून. काही सीनियर म्हणतात, हे सगळं भटकणं आहे. काही म्हणतात, सीव्हीला वजन येतं. मला या दोन्हींत रस नाही. एवढ्या कमी दिवसांत हाती काय लागू शकतं, ते सांगा. शिवाय ऑब्झर्व्हरशिप आणि क्लार्कशिप यांतला फरक, आणि लसीकरणाची तयारी किती आधी सुरू करावी?

राउंड_सकाळी_आठला
सर्जरीचा मोह समजतो, पण ४ आठवड्यांसाठी ती बहुधा चुकीची निवड ठरते. तुम्ही टेबलापासून दोन माणसं मागे उभे असणार, बोलणं स्थानिक भाषेत चालणार, आणि लॅप्रोस्कोपीचा जो पडदा तिथे दिसतो तो घरच्या ओटीतही दिसतो. ऑपरेशनचे टप्पे जगभर जवळपास सारखेच असतात. बदलतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं: रुग्णाला ऑपरेशनला कोणी पाठवलं, किती तपासण्यांनंतर, आणि घरी कधी सोडलं. त्यामुळे जनरल मेडिसिन, इमर्जन्सी किंवा फॅमिली प्रॅक्टिस मागा.

तिथे एकच गोष्ट धरून बसा: तपासणी कधी केली जात नाही. उदाहरणार्थ, घोटा मुरगळलेला रुग्ण. ओटावा नियमानुसार एक्स-रे तेव्हाच, जेव्हा घोट्याच्या भागात दुखतंय आणि त्यासोबत पुढच्यांपैकी एक तरी आहे: आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये किंवा टोकावर, दाबल्यावर वेदना, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी, दोन्हीदा ४ पावलंही टाकता न येणं. (पायाच्या मधल्या भागासाठी वेगळे निकष आहेत.) पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. पण एक्स-रे न काढता रुग्णाला घरी पाठवताना डॉक्टर काय बोलतो, कोणत्या लक्षणांवर परत यायला सांगतो आणि केसपेपरवर काय लिहितो, हे पुस्तकात नाही. फुप्फुसातल्या गुठळीच्या संशयाचंही तसंच. आधी वेल्स स्कोअर (लक्षणांवरून गुठळीची शक्यता मोजणारे गुण), मग शक्यता कमी असेल तरच डी-डायमर ही रक्ततपासणी. क्रम उलटा झाला की अनेकदा डी-डायमर वाढलेला निघतो आणि नको तो सीटी मागे लागतो.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट हँडओव्हर, म्हणजे रुग्णाची माहिती दुसऱ्या डॉक्टरला सोपवणं. एसबीएआर (परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस) सगळ्यांना पाठ असतं, पण शेवटची शिफारस बहुतेक विद्यार्थी गाळतात. ‘बीपी कमी आहे’ एवढं सांगून फोन ठेवायचा नसतो. ‘तुम्ही १० मिनिटांत येऊन बघावं’ हेही म्हणायचं असतं. नर्सने किंवा फार्मासिस्टने डॉक्टरची ऑर्डर अडवली तर पुढे काय होतं, तेही बघा. त्या एका प्रसंगात विभागाची सगळी उतरंड दिसते.

कागद_आधी
लसींचं उत्तर: शून्यापासून सुरुवात असेल तर किमान ८ महिने आधी. हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांवर, आणि शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांचं रक्तातलं प्रमाण). १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त हवा. कमी आला तर पुन्हा डोस, पुन्हा टायटर, म्हणजे आणखी वेळ. नुसतं ‘लस घेतली’ असं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, टायटरचा आकडा मागतात. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) २ डोस किमान २८ दिवसांच्या अंतराने. कांजिण्यांचे २ डोस किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा.

हमखास गडबड होते टीबीच्या चाचणीत. एमएमआर ही जिवंत लस आहे. ती घेतल्यावर मॉंटू (त्वचेवरची चाचणी) किंवा आयजीआरए (रक्ताची चाचणी) करायची तर त्याच दिवशी, नाहीतर ४ आठवडे थांबून. मध्येच केली तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मॉंटू ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. बीसीजी घेतलेल्यांनी आयजीआरए मागावी. बीसीजीमुळे मॉंटू पॉझिटिव्ह येऊ शकते, आयजीआरएवर तो परिणाम होत नाही.

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे फक्त बघणं. क्लार्कशिपमध्ये देखरेखीखाली हिस्टरी, तपासणी, नोट्स. फरक नावापुरता नाही. रुग्णाला हात लावायचा तर व्यावसायिक विमा लागतो, आणि काही देशांत व्हिसाचा प्रकारही बदलतो. स्वीकृतिपत्रात कोणता शब्द आहे ते बघूनच व्हिसाचा अर्ज करा. विद्यार्थ्यांच्या आयएफएमएसए या जागतिक संघटनेमार्फत (स्थापना १९५१) जात असाल, तर तिथे क्लिनिकल आणि संशोधन हे दोन वेगळे एक्सचेंज आहेत. अर्जात चुकीचं निवडलं तर महिना प्रयोगशाळेत जाईल.

आणि सुई टोचली तर? जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळण्यासाठी संपर्कानंतर घ्यायची औषधं) जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत, आणि २८ दिवस. कोणाला कळवायचं आणि औषधांचा खर्च विम्यात बसतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. रात्री २ वाजता ते शोधत बसू नये.

दशांश_स्वल्पविराम
वरच्या दोघांनी एककं सोडली. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ग्लुकोज मिलिमोलमध्ये दिसलं तर १८ने गुणा म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळेल: ७.० म्हणजे १२६, ११.१ म्हणजे २००. क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम म्हणजे ८८.४ मायक्रोमोल, त्यामुळे ९० बघून दचकू नका. हिमोग्लोबिन १२० म्हणजे आपलं १२. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ४८ म्हणजे ६.५ टक्के.

युरोपात अनेक देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो. २,५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच, पंचवीस नव्हे. तारखेत अमेरिकेत महिना आधी येतो. पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन एपिनेफ्रिन. ब्रँडची नावं विसरा, जेनेरिकच बोला. डोस सांगताना एकक पूर्ण उच्चारा आणि ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवा.

तिसरं_वर्ष
सर्जरी खोडून जनरल मेडिसिन केलं. भाषेचं काय? तिथली भाषा मला जुजबी येते. आणि साधनं कमी असलेल्या देशात गेलं तर प्रोसिजर जास्त करायला मिळतात म्हणे?

दुभाषी_डावीकडे
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मिळतात, आणि तीच अडचण आहे. जे काम स्वतःच्या कॉलेजात देखरेखीशिवाय करायची मुभा नाही, ते तिथेही नाही. मनुष्यबळ कमी आहे म्हणून रुग्णाची संमती आपोआप मिळत नाही. कोणी टाके घालायला सांगितलं तर ‘मी हे किती वेळा केलंय’ ते स्पष्ट सांगा आणि सीनियर शेजारी उभा राहील का ते विचारा. अशा ठिकाणी खरं शिकणं हाताने तपासण्यात आहे. सीटी नसताना पोट, प्लीहा, जलोदर बोटांनी ठरवणारे डॉक्टर भेटतात. मलेरियासाठी रक्ताच्या जाड थेंबात परजीवी आहे का ते शोधायचं आणि पातळ थरात प्रजाती ओळखायची, हे स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून या. राउंडवाल्यांशी माझं इथे थोडं पटत नाही: तपासणी टाळायला शिकण्याइतकंच, तपासणीशिवाय निर्णय घ्यायला शिकणंही मोलाचं.

भाषा जुजबी असेल तर हिस्टरी दुभाष्यामार्फतच घ्या, तोही प्रशिक्षित. नातेवाईक उत्तरं गाळतात, आणि घरातला मारहाणीचा किंवा लैंगिक प्रश्न त्यांच्यासमोर निघतच नाही. बघायचं रुग्णाकडे, दुभाष्याकडे नाही. एका वेळी एकच प्रश्न. भाषेची घोकंपट्टी करायची तर साधारण ५० वाक्यं पुरतात: ‘इथे दुखतं का’, ‘श्वास आत घ्या’, ‘कधीपासून’, ‘मी विद्यार्थी आहे, तपासू का?’ हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी पाठ करा.

वॉर्डातले फोटो फोनमध्ये नकोत, चेहरा झाकलेलेही. पलंगाचा क्रमांक आणि तारखेवरून रुग्ण ओळखू येतो. मूल्यमापनाचा फॉर्म तिसऱ्या आठवड्यातच पर्यवेक्षकाच्या हाती द्या. शेवटच्या शुक्रवारी ते हमखास रजेवर असतात.